गुआत सिमची पाटी

१

आमच्याकडे, मलेशियातल्या चिनी लोकांत, थडग्याच्या दगडावर जिवंत माणसाचंही नाव कोरतात. नवरा गेला की त्याच्या शेजारी बायकोचं नाव कोरून मोकळं व्हायचं, रंग तेवढा वेगळा. गेलेल्याचं नाव सोनेरी, मागे राहिलेलीचं लाल. पुढे तीही गेली की लाल खरवडायचं आणि सोनेरी भरायचं. पेनांगच्या या टेकडीवरच्या दफनभूमीत हे काम मी, खोर चिन होक, एकेचाळीस वर्षं करतोय. लाल म्हणजे जागा राखून ठेवलेली, सोनेरी म्हणजे माणूस येऊन बसलेला. भुताखेतांचं मला काही विचारू नका. मला रंग कळतो.

सकाळी सातला मुनियांडी फाटक उघडतो. गवत कापणं, राखण करणं आणि चहाड्या सांगणं ही इथली तिन्ही कामं तो एकटा करतो. मी दोन डबे, चार ब्रश आणि बसायला एक खोकं घेऊन वर चढतो. बारा वाजता माझी बायको गुआत सिम बसने जेवणाचा डबा घेऊन येते. एखाद्या थडग्याच्या कठड्यावर आम्ही दोघं बसतो. ती माझ्या कामात खोडी काढते, मी तिच्या भातात. एकतीस वर्षांत यात बदल झाला नाही. मूलबाळ नाही, त्यामुळे भांडणात मध्ये पडायलाही तिसरं कोणी नाही.

यंदा क्वालालंपूरहून मिस यो आली. यो सिन लेई, तिशीतली, कलावंत. टेकडीच्या मोकळ्या अंगाला तिने एक भलंमोठं थडगं बांधायला काढलं, ज्यात कोणालाच पुरायचं नव्हतं. जुन्या श्रीमंतांच्या थडग्यांना असतात तसे दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे कठडे, आणि मागे टेकडीच्या पोटात एकामागे एक तीन खोल्या. पहिल्या खोलीत छतापासून गोणपाटाच्या पट्ट्या सोडलेल्या, सुतकात आम्ही अंगावर घालतो त्याच कापडाच्या. दुसरीत भिंतभर काळ्या दगडाच्या पाट्या, दोनशे बारा. प्रत्येक पाटीवर एका जिवंत माणसाचं नाव, ज्याने आपणहून दिलं त्याचं. तिसरीत अंधार आणि सिमेंटच्या दोन ठेंगण्या खुर्च्या. सुतकाचे सात आठवडे लोकांनी येऊन हे बघायचं आणि एकोणपन्नासाव्या दिवशी आपापली पाटी घरी न्यायची.

"काका, नावं तुम्हीच रंगवायची," मिस यो म्हणाली. "सगळी लाल."

"म्हणजे सोनेरीचा डबा आणूच नको?"

"अजिबात नको. हीच तर यातली गंमत आहे."

माझ्या धंद्यात गंमत हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पण काम चांगलं होतं, मी घेतलं.

२

उद्घाटनाच्या सकाळी मी शेवटची ओळ रंगवत होतो. साडेनऊच्या सुमारास उजवीकडून तिसऱ्या पाटीवर आलो आणि ब्रश हातातच राहिला. तेह गुआत सिम. तीन चिनी अक्षरं, माझ्या बायकोचं माहेरचं आडनाव आणि नाव. दगडवाल्याने कोरलंही छान होतं. मी शिव्या घातल्या आणि रंगवलं, कारण बाकीची ओळ भरून तेवढीच मोकळी ठेवली असती तर लोकांनी मला विचारलं असतं.

ती आली एक वाजता. तासभर उशीर.

"तुझं नाव भिंतीवर काय करतंय?" मी विचारलं.

"आराम करतंय."

"मला विचारायचं तरी!"

"तू नाही म्हणाला असतास. आपल्याला ना जागा, ना दगड, ना मागे कोणी. म्हटलं, नवरा हयात आहे आणि हात स्थिर आहे तोवर आपलं नाव रंगवून घ्यावं. तेही फुकटात. बरं आलंय की! माझ्या डोक्यावरच्या केसांपेक्षा जास्त काळजी घेतलीस."

"आणि उशीर का झाला?"

"तू गेल्यावर न्हाणीघरात पडले. मग उठले."

"लागलं कुठे?"

"लागलं असतं तर डबा घेऊन आले असते का, म्हाताऱ्या? जेव."

डब्यात सोया घालून शिजवलेलं डुकराचं मांस होतं आणि खारवलेलं बदकाचं अंडं. चव नेहमीचीच. तिने उभ्यानेच वाढलं आणि माझं जेवण होईपर्यंत उभीच राहिली. बस म्हटलं, तर म्हणाली, "कठडा तापलाय." मी हात लावून पाहिला. खरंच तापला होता.

३

चौथ्या दिवशी सकाळी मी पाट्यांवरची धूळ झटकायला आत गेलो, तर तिचं नाव सोनेरी होतं.

दोनशे अकरा लाल आणि एक सोनेरी. पहिला संशय मी माझ्यावरच घेतला. हाताला सवय असते, चुकून एखादा ब्रश बुडवला जातो. पण त्या खोलीत मी सोनेरीचा डबा नेलाच नव्हता. दुसरा संशय आह ताऊवर. तोही अक्षरं रंगवतो, पलीकडच्या उतारावर, आणि हे काम मला मिळाल्यापासून त्याच्या पोटात दुखत होतं. मी अक्षरावरून अंगठा फिरवला. रंग खडखडीत वाळलेला होता. आमच्या हवेत तेलरंग दोन दिवस ओला राहतो, आणि आदल्या दिवशी सकाळी मी स्वतः ही पाटी लाल पाहिली होती. शिवाय अक्षरांच्या खाचेत धूळ बसली होती. बारीक, घट्ट, काही वर्षांची असावी अशी.

मी मिस योला फोन करून बोलावून घेतलं.

"पोरी, हा तुझ्या गमतीचा भाग आहे का?"

तिने पाटी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "काका, शपथ घेऊन सांगते, मी हात लावला नाही. काकूंना कळायच्या आत लाल करा बरं. माझ्या आईने हे पाहिलं तर मला घरात घेणार नाही."

एवढी शिकलेली मुलगी, पण भ्याली. तिच्यावरचा संशय मी तिथेच सोडला आणि लाल भरलं. खाली आल्यावर मुनियांडीला विचारलं, सकाळी आत कोण गेलं होतं?

"कोणी नाही, तौके," तो म्हणाला. तौके म्हणजे मालक. "फक्त अक्का."

"कोण अक्का?"

"तुमच्या घरची! रोज सकाळी येतात की. तुम्ही वरच्या अंगाला असता, अक्का पाट्यांच्या खोलीत जातात. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." तो हसला. "नवऱ्यावर पाळत ठेवतात म्हणा ना."

साडेसहाला मी घर सोडलं तेव्हा ती मोरीपाशी उभी राहून तांदूळ धूत होती. आणि बारा वाजता ती बसमधून उतरताना मला रोज दिसत होती.

४

संशयी माणसाला घर पुरत नाही. मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो.

बोलणं तेच होतं. टोमणे तेच. शेजारणीशी जिन्यात उभं राहून तासभर गप्पा, त्याही तशाच. भाजीवाल्याने तिला जास्तीची कोथिंबीर दिली, म्हणजे त्यालाही ती दिसत होती आणि नेहमीसारखीच वाटत होती. फक्त ती बसत नव्हती. टीव्ही बघताना खुर्चीच्या मागे उभी. जेवताना ओट्याला टेकून उभी. लसूण सोलायला तिचं ठेंगणं स्टूल आहे. त्यावर आता टोपली असायची आणि ती वाकून सोलायची.

"गुडघे दुखतात का?" मी विचारलं.

"बसलं की उठवत नाही. म्हणून बसत नाही."

हे उत्तर ऐकायला ठीक होतं. माझ्या वयाच्या कोणालाही पटेल. मला मात्र ते दिवसभर सलत राहिलं.

झोपायला मी लवकर जातो आणि पडल्या पडल्या घोरतो, ती माझ्यानंतर येते आणि माझ्याआधी उठते. हे पूर्वीपासूनच. म्हणून एक दिवस मी तिच्या बाजूच्या चादरीखाली सोनेरी वर्खाचा एक कागद पसरला, पितरांसाठी जाळतात तो. तो इतका पातळ असतो की मांजर बसलं तरी चुरगळतो. सकाळी चादर उचलून पाहिली. कागद जसा ठेवला तसा होता. एक सुरकुती नाही.

मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि कामावर गेलो. पाटी पुन्हा सोनेरी झाली होती. मी लाल भरलं.

५

तिच्या नखांत लाल होतं, हे मी जेवताना पाहिलं.

"हे काय?"

"मिरच्या कुटल्या."

"मिरचीचं लाल निराळं असतं. हे माझ्या डब्यातलं आहे."

"बघा, बायकोच्या नखांवरून रंग ओळखणारा नवरा!" ती हसली, पण हात पदराआड घ्यावा तसा टॉवेलखाली घेतला. मग म्हणाली, "तू तो दगड रोज रंगवतोस ना?"

"कोणीतरी रोज बिघडवतं."

"बिघडवतं," ती म्हणाली, आणि डबा आवरायला लागली.

म्हणजे हिचाच चाळा! मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. बायकोने खोडी काढली यात भिण्यासारखं काय? कुठूनतरी वाळलेला जुना रंग मिळवला असेल, वर धूळ चोळली असेल. बाई हुशार आहे. मुनियांडीला चार दिवस गप्पांत गुंडाळून ठेवणं तिला अवघड नाही. फक्त त्या कागदाचं उत्तर मला सापडत नव्हतं. ते मी बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी चोर रंगेहाथ पकडायचा असं ठरवलं.

६

दहाच्या सुमारास मी तिसऱ्या खोलीत जाऊन बसलो. खुर्चीवर नाही, दोन खुर्च्यांच्या मधल्या जमिनीवर. बाहेर मुनियांडीचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. समोरच्या दारातून पाट्यांची भिंत दिसत होती, आणि पहिल्या खोलीतून येणारा थोडा उजेड.

यंत्र बंद पडलं. गोणपाट एकमेकांवर घासल्याचा आवाज आला, आणि ती आत आली. हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती, ब्रश नव्हता. ती सरळ आपल्या पाटीसमोर जाऊन थांबली. तिची पाठ माझ्याकडे होती. अंगठ्याच्या नखाने तिने माझं लाल खरवडायला सुरुवात केली, बुडाला लागून करपलेला भात खरवडतात तसं, न थांबता, न चिडता. रंगाचे कपचे जमिनीवर पडत होते. आणि लाल निघालं तिथे खाली सोनेरी होतं. ते कोणी लावलं नव्हतं. ते खालीच होतं.

माझी नजर तिच्या पायांवर गेली. सपाता घातलेल्या पावलांपासून पोटऱ्यांपर्यंत कातडी सुजून जांभळी झाली होती. वरचं सगळं रक्त खाली उतरून तिथे थांबलं असावं असा तो रंग होता. मी चाळीस वर्षं रंगांत काढली आहेत. तो रंग मी पाहिलेला आहे, आणि कुठे पाहिलाय ते मला त्या वेळी आठवायचं नव्हतं.

"कितीदा लावशील रे?" ती म्हणाली. मागे वळली नाही. आवाजात टोमणा नव्हता. "माझे पाय दुखतात."

ती गेली. बारा वाजता बसमधून डबा घेऊन उतरली, पायांत लांब विजार. आम्ही जेवलो. मी जेवलो, ती उभी होती. न्हाणीघरात पडलीस त्या दिवशी नक्की काय झालं, हा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर होता. मी विचारला नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही.

७

त्यानंतर मी जेट्टीवरून होड्यांना लावतात तो लाल रंग आणला. खारं पाणी पचवणारा, तिच्या नखांना दाद न देणारा. एकावर एक तीन थर दिले. रोज सकाळी आधी ती पाटी, मग बाकीची कामं. कोणाच्या तरी खऱ्या आईबापांची नावं माझी वाट बघत उन्हात फिकी पडत होती. आह ताऊने त्यातली निम्मी कामं पळवली. खुशाल नेऊ दे म्हटलं.

मला तिची भीती वाटत नव्हती. बारा वाजता बस येईल आणि ती उतरणार नाही, याची वाटत होती. सगळ्यांचं लाल मीच सोनेरी करत आलो. रडणाऱ्या मुलांना म्हणायचो, भरू द्या, उशीर करू नका, त्यांना ताटकळत ठेवू नका. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी होडीचा रंग आणला. मी लबाड माणूस आहे, हे मला एकतीस वर्षं ती सांगत होती.

रंग टिकला. पाटी लालच राहिली. ती रोज येत राहिली, पण हळूहळू बोलणं कमी झालं. बसमधून उतरताना ती दांडा दोन्ही हातांनी धरायला लागली. एकदा मुनियांडी म्हणाला, "तौके, अक्कांना डॉक्टरकडे न्या. काल त्या खोलीत भिंतीला डोकं टेकून उभ्या होत्या. मी हाक मारली तर म्हणाल्या, थोडंच राहिलंय."

"वय झालंय," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि यंत्र सुरू केलं.

८

एकोणपन्नासावा दिवस रविवारी आला. दोनशे माणसं जमली होती. पोरंबाळं, म्हातारे, पुष्पगुच्छ, आइस्क्रीमवाला. लोक आपापली पाटी काढून घेत होते, छातीशी धरून फोटो काढत होते, "बघ, मी अजून आहे!" असं ओरडत होते. मिस यो आनंदाने इकडून तिकडे पळत होती. भिंत रिकामी होत होती. बारा वाजले तेव्हा मोजक्याच पाट्या उरल्या होत्या आणि त्यातल्या एकीसमोर मी उभा होतो.

ती आली. हातात डबा नव्हता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती रिकाम्या हाताने आली होती. गर्दीने तिला वाट दिली, कारण ती फार सावकाश चालत होती.

"काकू, आलात!" मिस यो म्हणाली. "तुमचा फोटो आत खुर्चीवर बसवून काढते. इतक्या दिवसांत त्या खुर्च्यांवर कोणीच बसलं नाही हो. लोकांना भीती वाटते."

गुआत सिमने माझ्याकडे पाहिलं.

"बसू का?" तिने विचारलं.

माझ्या बायकोने आयुष्यात मला कशाचीही परवानगी मागितली नव्हती. नाव द्यायला मागितली नाही, लग्नाला मागितली नाही. आपणच येऊन माझ्या आईला सांगितलं होतं. ती आता दोनशे माणसांत उभी राहून विचारत होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. नाही म्हणण्याइतकं माझं तिच्यावर प्रेम होतं. पण तिच्या पायांकडे बघून नाही म्हणवेना.

मी खोक्यातून पातं काढलं. होडीचा रंग निघायला वेळ लागला. खाली सोनेरी होतंच, पण तिच्या नखांनी ओरखडे पडलेलं, ठिकठिकाणी उडालेलं. ते मी भरलेलं नव्हतं. माझ्या बायकोचं नाव दुसऱ्या कोणी भरावं, हे मला चालणार नव्हतं. मी बाहेर ठेवलेला सोनेरीचा डबा आणवला आणि झाकण उघडलं.

लोक गोळा झाले. कोणीतरी म्हणालं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. फोन वर गेले. मी पाटीसमोर होतो, गुआत सिम माझ्या पाठीमागून पुढे तिसऱ्या खोलीत गेली. उंबरठा ओलांडताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला. त्या हाताला वजन नव्हतं.

मी आडनाव भरलं. मधलं अक्षर भरलं. शेवटच्या अक्षराला चारच फटकारे, त्यातले तीन नुसते ठिपके. दोन फटकारे झाले, तिसरा झाला. शेवटच्या ठिपक्यापाशी माझा हात थांबला. एवढा एक ठिपका राहिला तर काय बिघडेल, असं मनात आलं. आतून दमलेला, ओळखीचा आवाज आला, "म्हाताऱ्या, लोक बघतायत. हात चालव."

मी ठिपका ठेवला.

टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या, शिट्ट्याही आल्या. मिस यो कॅमेरा घेऊन हसत आत गेली. मी तिकडे पाहिलं नाही. ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि फडक्याने पुसायला लागलो, कारण सोनेरी रंग केसांत वाळला की ब्रश वाया जातो. मिस यो बाहेर आली. कॅमेरा तिच्या हातात नव्हता. ती माझ्यासमोर उभी राहिली. मग लोकांकडे वळली.

"फोन खाली घ्या," ती म्हणाली. "सगळ्यांनी. प्लीज."

पुढच्यांनी फोन खाली घेतले. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. ते टाळ्या वाजवतच राहिले.